पाठ फिरवून लावलेले सूर

साल होतं एकोणीसशे शहात्तर. जिन्यातला दिवा त्या वर्षी एकदाचा लागला. आईला तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागू नये म्हणून ताईने घरमालकाच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या, आणि दिवा लागला त्याच महिन्यात आई गेली. मग तो नुसताच जळत राहिला. ताई कामावरून परतायची तेव्हा जिन्यात लख्ख उजेड असायचा आणि वर खोलीत अंधार.

तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. पँटी आखूड करणं, झिजलेल्या कॉलरी उलटवून बसवणं, मुलं वाढली की शिलाया उसवून कपडे मोठे करणं. उरलेलं काम ती घरी आणायची आणि पायमशीनवर बसायची. खोलीच्या एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला आईची खाट. खाटेशेजारी एक जाडजूड लाकडी खांब होता. तळापासून छपरापर्यंत सगळ्या मजल्यांमधून तो एकसंध गेलेला. त्या काळची घरं तशीच असत, लाकडाच्या जमिनी आणि लाकडाचीच हाडं. त्या खांबाला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर स्टीलची थाळी, थाळीत आईचा काचेचा पेला आणि पेल्यात औषधाचा चमचा.

खालच्या मजल्यावर मास्तर राहायचे. सत्तरी ओलांडलेले, बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. तरुणपणी ते लोकगीतांच्या कार्यक्रमांत गिटार वाजवायचे. पंजाने खसाखसा नाही, एकेका बोटाने एकेक तार वेगळी, की ऐकणाऱ्याला वाटावं दोन माणसं वाजवतायत. रोज संध्याकाळी ते एक चाल वाजवत. तिला नाव नव्हतं. आई तिला 'संध्याकाळचं' म्हणायची, एखाद्या औषधाला म्हणावं तसं. अंथरुणाला खिळल्यापासून तिचा दिवस त्या चालीकडेच सरकायचा.

गंमत अशी, की चाल सुरू व्हायच्या आधीच आईला कळायचं.

"आला बघ मास्तर," ती म्हणायची.

"कुठे? मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला कसं येईल? तू मशीन बडवत बसलीयेस."

ताई पाय थांबवायची. शांतता. मग थोड्या वेळाने खरंच खालून चाल वर यायची. ताईला वाटायचं, पडून पडून आईचे कान तिखट झालेत.

आई गेली आणि ती चालही बंद पडली. ताईने बरेच दिवस वाट पाहिली. शेवटी एका संध्याकाळी ती खाली गेली. दार उघडंच होतं. मास्तर पाठमोरे उभे राहून चहा ढवळत होते.

"मास्तर, वाजवणं का बंद केलंत?"

उत्तर नाही. किती हा ताठा, असं ताईच्या मनात आलं. ती पुढे होऊन ओट्याशी उभी राहिली तेव्हा ते दचकले.

"अगं, तू कधी आलीस?"

तिने पुन्हा विचारलं.

"वर माणूस गेलंय, आणि खाली मी टणटण करत बसू? बरं दिसतं का ते?"

"दिसू दे वाईट. घर फार गप्प झालंय, मास्तर."

मास्तरांनी उजवा हात तिच्यापुढे धरला. चार बोटं हलली, करंगळीशेजारचं नाही.

"ही महाराणी आता उठत नाही. आमची सेवा झाली म्हणते. मला वाजवता येणार नाही, पोरी. शिकवता येईल."

"मला? बेचाळिसाव्या वर्षी?"

"मग काय पाळण्यातून यायला हवं होतंस?"

"मला बाकी काही नको," ताई म्हणाली. "ती एकच चाल. संध्याकाळची."

खरंच तिला बाकी काही नको होतं. परतल्यावर त्या खोलीत ऐकू येण्यासारखं काहीतरी असावं, एवढंच.

"एकच तर एकच. पण ती सासरी वाजत नाही, माहेरीच वाजते."

ताईला काही कळेना. मास्तरांनी समजावलं. गिटारला सहा तारा. दुनिया त्या लावते त्या जुळणीला ते 'सासरची' म्हणत. सगळ्याजणी ताठ, आपापल्या जागी, दाबल्याशिवाय कुणी गोड बोलायचं नाही. आणि काही तारा सैल सोडून त्यांनी स्वतः बसवलेली ती 'माहेरची'. तिथे कुठेही बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी सगळ्या मिळून गातात.

"तीन सैल सोडायच्या," मास्तर म्हणाले. "दोन म्हाताऱ्या आहेत, त्या जागच्या हलत नाहीत. आणि एक उलट आणखी ताठ. ती भावजय. तिच्याशिवाय माहेर होतंय का?"

ताई हसली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग मास्तर गंभीर झाले.

"एक अट आहे. उजवा हात शिकवीन, डावा शिकवीन. खुंट्यांना मात्र हात लावायचा नाही. त्या मी लावून देईन."

ती अट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. मास्तर म्हणे पूर्वीपासून तसेच. कार्यक्रमात तारा लावायची वेळ आली की लोकांकडे पाठ फिरवायचे. पहिल्या रांगेत दुसरे वादक माना उंचावून बसत, आणि त्यांना दिसायचा फक्त मास्तरांचा कोट. म्हातारा मरेल, पण खुंट्यांचं गुपित सांगणार नाही, असं लोक म्हणत. ताईपुढेही ते तसंच करत. गिटार घेऊन कोपऱ्यातल्या खांबाशी जायचे, तिच्याकडे पाठ करून बराच वेळ काहीतरी करायचे, मग येऊन गिटार तिच्या मांडीवर ठेवायचे. त्या खांबावर डोक्याच्या उंचीला एक तेलकट डाग होता. शिवणकाम करणारीची नजर, डाग आधी दिसायचा. मास्तर टेकून उभे राहत असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

सुरुवातीला नुसता अंगठा. जाड तारांवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. कंटाळा यावा इतका.

"अंगठा म्हणजे तुझा मशीनवरचा पाय," मास्तर म्हणायचे. "वर रेशीम असो की गोणपाट, पाय थांबतो का? बोटं काय वाटेल ते करू देत, अंगठ्याने त्यांच्याकडे बघायचं नाही."

हे तिला चटकन कळलं. बोटांचं जड गेलं. बारीक तिन्ही तारांवर तीन बोटं, प्रत्येकीची आपली तार, शेजारणीच्या घरात जायचं नाही. तार ओढायची नाही, बोटाखालून निसटू द्यायची. कधी अंगठा आणि बोट एकदम चिमटीत, कधी बोट अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधल्या फटीत. डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं आपटून सूर काढायचा, तेच बोट उचलताना तारेला हलकी ओढ देऊन दुसरा. चाल सगळी त्या फटीतच राहत होती.

मास्तर समोर बसत आणि तिच्या हाताकडे टक लावून पाहत. चूक झाली की मेजावर बोटाने दोनदा वाजवत, टक टक. मग ती मागे जाऊन पुन्हा सुरू करायची. वाजवताना ती खाली मान घालून काही बोलली तर ते ओरडत, "माझ्याकडे बघून बोल!" तिला वाटायचं, शिस्त.

दुकानात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. बटणं लावणारी पोरगी फार चावट.

"ताई, स्टेजवर कधी जाणार? आम्हाला पास द्या हं."

"पास कसले? कापसाचे बोळे देते, कानात घालायला."

"मास्तरांनी घातले असतील आधीच!"

ताईसुद्धा हसली तिच्याबरोबर.

हळूहळू चाल अर्ध्याच्या पुढे गेली. ताईला कामावरून घरी यायची घाई होऊ लागली. ही घाई तिच्या ओळखीची होती, आई होती तेव्हाची. जिन्यातल्या दिव्याखाली ती पहिल्या मजल्यावरच थांबायची, हात धुवायची ती मास्तरांच्याच मोरीत. शेवटचा तुकडा राहिला होता. "तो उद्या," असं म्हणत मास्तरांनी तो पुष्कळ लांबवला. शेवटी शिकवला खरा, पण घाईघाईत, एखादी वस्तू पटकन हातात कोंबावी तसा.

मग एका सकाळी ताई कामाला निघाली तर मास्तरांच्या दाराशी दुधाची बाटली तशीच. तिने कडी वाजवली, हाका मारल्या. शेवटी घरमालकाने किल्ली आणली. मास्तर खांबाच्या बुंध्याशी पडले होते. श्वास चालू होता. उजवी बाजू गेली होती, आणि वाचा.

मुलगी आली. भली बाई होती. आठवडाभर इस्पितळात बसून राहिली, मग बापाला आपल्या घरी न्यायचं ठरवून खोली रिकामी करायला लागली. निघायच्या दिवशी गिटार घेऊन ती वर आली.

"ताई, ही तुमची. बाबांना विचारलं, हिचं काय करू, तर डाव्या हाताने वर दाखवलं. मला आधी धस्स झालं, म्हटलं देवाचं बोलावणं आलं की काय! मग कळलं, वर म्हणजे तुम्ही."

ताईने गिटार दोन्ही हातांनी घेतली. तारा चकचकीत होत्या.

"तशीच नाही देत हं," मुलगी म्हणाली. "गंजल्या होत्या तारा. दुकानातून सगळ्या नव्या घालून, नीट लावून आणल्या. दुकानदार म्हणाला, कुणीतरी पार वेडीवाकडी लावली होती, मी सरळ करून दिली."

मास्तरांनी लावून ठेवलेलं शेवटचं माहेर होतं ते. कुणाचा दोष म्हणायचा? मुलीने प्रेमाने केलं, दुकानदाराने चोख केलं.

"बरं केलंत," ताई म्हणाली. "दमला असाल. चहा टाकते."

मुलगी गेल्यावर तिने गिटार मांडीवर घेतली. बोटं आपोआप आपापल्या जागी गेली, अंगठा चालू लागला. आणि बाहेर जे आलं ते ऐकून तिने तारांवर पालथा हात ठेवला. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत परकी माणसं निवांत जेवत बसलेली असावीत, तसं ते होतं.

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार गडी बोलका होता.

"कोणती जुळणी हवी, ताई?"

"माहेरची."

तो पोट धरून हसला. मग तिचा चेहरा बघून ओशाळला आणि खरंच मदतीला लागला. त्याला ठाऊक असलेल्या एकदोन सैल जुळण्या त्याने लावून दाखवल्या. ताईने प्रत्येकीत अंगठा चालवून पाहिला आणि मान हलवली.

"जाड तार याहून खाली होती. पुष्कळ खाली."

"याहून सैल केली तर ती तार नाही राहणार, कपडे वाळत घालायची दोरी होईल. तुमचे मास्तर पाठ फिरवून लावायचे ना? मग गेलं ते त्यांच्याबरोबर."

मग तिने घरीच खटपट सुरू केली. कामावरून यायचं, खुंट्या पिळायच्या, कानाला लागलं नाही की पुन्हा पिळायच्या. एक तार तुटून मनगटावर सप्पकन लागली. नवी आणली. आठवणीतली चाल रोज थोडी पुसट होत होती. चुकीचे सूर ऐकून ऐकून खरे मागे सरत होते, आणि हे तिला कळत होतं. म्हणून भीती. आणखी काही दिवस असंच चाललं, तर कुणी बरोबर लावून दिली तरी आपल्याला ओळखू येणार नाही.

एका संध्याकाळी ती आईच्या खाटेवर बसली. त्या खाटेवर ती सहसा बसत नसे. पाय थकले होते, मशीनपर्यंत जायचा कंटाळा आला. गिटार सारखी घसरत होती म्हणून तिने गिटारचं डोकं, खुंट्यांकडचं टोक, शेजारच्या खांबाला टेकवलं आणि जाड तार सैल करत, अंगठ्याने छेडत राहिली. सैल, आणखी सैल. दोरी तर दोरी.

कानाजवळ काहीतरी किणकिणलं.

तिने खुंटी सोडली. फळीवर थाळी, थाळीत पेला, पेल्यात चमचा. रोज धुऊन ती ते परत तिथेच ठेवायची. का, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने तार पुन्हा छेडली, खुंटी केसभर पिळली. चमचा पेल्याच्या काठावर थरथरू लागला. आणखी केसभर, आणि पेला आतून गुणगुणल्यासारखा बारीक, सलग वाजत राहिला. त्याच्या खाली गेली की गप्प. वर गेली की गप्प.

"आला बघ मास्तर," ताई मोठ्याने म्हणाली.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. तिला रडू आलं, पण तार उतरेल या भीतीने तिने हात हलवला नाही.

पुढचं सोपं नव्हतं, पण धरायला टोक मिळालं होतं. अंगठा जाड तारेवरून चौथ्या तारेवर जायचा तेव्हा तोच सूर वरच्या अंगाने बोलायचा, हे अंगठ्याला पाठ होतं. ती लावली. त्या दोघींच्या मधली पाचवी, ती चालीच्या पहिल्या झोक्याने सांगितली. झाल्या तीन सैल. मग ती बराच वेळ अडली, कारण दुसरी तार ती सैलच करत होती. आणि एकदम तिला भावजय आठवली. सैल नाही, ताठ! श्वास रोखून तिने खुंटी उलटी पिळली. दोघी म्हाताऱ्यांना हात लावला नाही. मग कुठेही बोट न ठेवता तिने तारांवरून नुसता हात फिरवला, आणि सगळ्या मिळून गायल्या.

मास्तरांनी तर तिला सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हसत हसत. गुपित ठेवायचं असतं तर माणूस असं सांगतो का? मग पाठ कशासाठी?

सकाळी ती खाली गेली. मास्तरांच्या खोलीत रंगारी भिंत खरवडत होता. खांबाला अजून हात लागला नव्हता. तेलकट डाग तिथेच होता. त्याच्या खाली, छातीच्या उंचीला, लाकडात एक लहानसा खळगा पडला होता, गिटारचं डोकं बसेल एवढा. ताईने डागावर कान टेकवला.

"बाई, रंग लागेल," रंगारी म्हणाला. "काय ऐकताय?"

"काही नाही."

तिला सगळं एकदम दिसलं. मास्तरांना ऐकू येत नव्हतं. कोण जाणे किती वर्षांपासून. गिटारचं डोकं खांबाला आणि कान खांबाला, लाकडातून जेवढं हाडात शिरेल तेवढ्यावर ते तारा लावत होते. तोच सूर खांबातून वर चढून आईच्या पेल्यात किणकिणायचा, म्हणून तिला चालीच्या आधीच कळायचं. कार्यक्रमात गिटारचं डोकं गालाशी दाबून असंच करत असणार, लोकांकडे पाठ करायचे ती तेवढ्यासाठी. बहिरा वादक म्हटल्यावर कोण बोलावणार? खुंट्यांना हात लावू देत नव्हते, कारण ताईने तार लावून 'बरोबर आहे का?' विचारलं असतं तर काय सांगणार होते? आणि समोर बसून ते तिचं वाजवणं ऐकत नव्हतेच. बोटं पाहत होते. ती चाल आईसाठी वर यायची खरी, पण खाली वाजवणाऱ्यापर्यंत ती कधीपासून पोहोचलेली नव्हती.

दुकानातून रजा काढून ताई त्या लांबच्या शहरात गेली. गिटार गाडीत मांडीवर, लेकरू घ्यावं तशी.

मास्तर खाटेवर उताणे पडले होते. ओळखलं की नाही, कळेना.

"कुणाशीच बोलत नाहीत, ऐकून घेत नाहीत," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "मी मागून हाका मारते, वळूनसुद्धा बघत नाहीत. डॉक्टर म्हणतात, समज गेली असेल."

ताईच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याने जन्मभर झाकलं, त्याचं पांघरूण आपण कसं ओढायचं?

"समोर बसून बोला," ती म्हणाली. "तोंड दिसेल असं, सावकाश. त्यांना तशीच सवय आहे."

मग तिने स्टूल खाटेच्या डोक्याशी ओढलं, गिटारचं डोकं खाटेच्या लाकडी फळीला टेकवलं आणि अंगठा सुरू केला. चाल जरा पुढे गेली आणि मास्तरांनी कष्टाने कूस बदलली. तिच्याकडे पाठ केली.

"बाबा, असं काय ते!" मुलगी ओशाळली. "ताई, मनाला लावून घेऊ नका हं."

ताई थांबली नाही. मास्तरांचं डोकं उशीवरून सरकत सरकत फळीपर्यंत गेलं आणि कान तिथे चिकटून राहिला. डाव्या हाताचा अंगठा चादरीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे हलू लागला. शेवटच्या तुकड्यात, जो घाईत शिकवला होता, तिथे तो अंगठा अचानक थांबला. मास्तरांनी फळीवर बोटाने दोनदा वाजवलं. टक टक.

ताई मागे गेली आणि पुन्हा सुरू केलं.

मास्तर पुढे वर्षभर होते. ताईला परत जाणं जमलं नाही. मुलगी समोर बसून बोलायला लागली, आणि ते डोळ्यांनी, मानेने उत्तरं देत होते, असं तिने कळवलं. बहिरेपणाचं तिला कळलं की नाही, ताईने कधी विचारलं नाही. वाद्यवाल्या दुकानदाराला ताईने सगळी जुळणी सांगून टाकली. तो पुढे गिऱ्हाइकांना ती 'भावजय' म्हणून शिकवायचा, आणि आपण शोधून काढल्याच्या थाटात. बटणं लावणाऱ्या पोरीने स्वतःचं दुकान काढलं, नातवंडं पाहिली. ते घर पाडलं तेव्हा खांब कुणी नेला, कुणालाच माहीत नाही.

ताई सिमेंटच्या इमारतीतल्या एका खोलीत राहायला गेली. पेला सोबत नेला, पण तिथे तो कधी वाजला नाही. ऐंशीच्या पुढे तिचेही कान गेले. आता संध्याकाळी ती दाराकडे पाठ करून बसते, गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवते आणि कान कपाटाला. शेजारीण कधी चहा घेऊन येते, उंबऱ्यात उभी राहते आणि म्हणते, "आजी, जरा इकडे तोंड करून वाजवा की, आम्हालाही ऐकू दे."

आजी वळत नाहीत. शेजारीण थोडा वेळ थांबते, कप मेजावर ठेवते आणि दार ओढून घेते.